स्तोयान म्हणजे काय?

सीब, ८ मार्च २०२५

इरा,

वर 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहायचं की नाही, या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी नुसतं इरा लिहिलं. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, मेलला उत्तर देत नाहीस, तेव्हा आता पोस्ट. आईचं पाकीट ब्लॉक करायची सोय तुमच्या नोवी सादच्या पोस्टात अजून निघाली नसावी. तुझं मराठी वाचन शाळेत सातवीत जिथे थांबलं तिथेच आहे हे ध्यानात ठेवून अक्षर मोठं काढते आहे. अडलं तर मोठ्याने वाच, कानाला कळेल.

आधी भांडणाचं उरकून घेते. 'मला न विचारता तू माझ्या मुलाचं बारसं केलंस,' असं तू लिहिलंस. केलं. बाराव्या दिवशी शनिवार आला, क्लिनिकला सुट्टी होती आणि शेजारच्या सुरेखाकडे तिच्या मुलाचा पाळणा होता. बाळ सर्बियात आणि पाळणा इकडे ओमानात, सीबमध्ये, हे मलाही दिसत होतं. पण आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंटाच पाळण्यात घालतात, बाळ दगडासारखं ठणठणीत व्हावं म्हणून. मी वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, बिल्डिंगमधल्या पाच जणींनी त्याला पाळण्याखालून-वरून फिरवलं, आणि पुढे घालायला बाळ नव्हतं म्हणून वरवंट्यावरच भागवलं. नाव ठेवलं क्षितिज. घुगऱ्या वाटल्या. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, पुण्याच्या मामीपासून सगळ्यांनी बदाम पाठवले, आणि तू ते एक वाक्य लिहून ग्रुप सोडून गेलीस.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? अडीच वर्षांपूर्वी, बाबांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत, तू तिकडे नोंदणी लग्न केलंस आणि मला आठ दिवसांनी कळवलंस. त्यावर मी बोलणं टाकलं, कबूल आहे. मग एकदम फेब्रुवारीत तुझी तीन ओळींची मेल. मुलगा झाला. तीन किलो शंभर. नाव स्तोयान. त्यातली तिसरी ओळ मी चार वेळा वाचली. तुझा नवरा गोरान, त्याचं नाव मी कसंबसं पचवलं होतं. पण आपल्याकडचं एकही नाव तुला सुचू नये? एकसुद्धा?

बरं, ते राहू दे. मला खरं विचारायचं आहे ते वेगळंच. स्तोयान म्हणजे काय?

बावीस वर्षं मी मस्कतमधल्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या या क्लिनिकच्या रिसेप्शनवर लोकांची नावं लिहून घेते आहे. ओमानी माणूस स्वतःचं सांगता सांगता बापाचं आणि आज्याचंही नाव सांगून टाकतो, मल्याळी माणूस पुढे एक अक्षर ठेवतो आणि ते कशाचं हे त्यालाही आठवत नाही. नावावरून माणूस कुठल्या घरातला ते मी कार्ड न बघता सांगते. आणि माझ्या स्वतःच्या नातवाचं नाव मला कळत नाही, हे काही बरोबर नाही.

एक ओळ लिही. नुसता अर्थ लिही. बाकी भांडण तसंच चालू ठेवू.

अजून रागातच असलेली,
आई

सीब, २२ मार्च २०२५

इरा,

तू लिहिलं नाहीस. मी शोधायला लागले आहे.

इंटरनेटवर सापडलं ते असं, की हे नाव तुमच्या तिकडच्या भाषांतल्या 'उभं राहणं' या क्रियापदावरून आलं आहे. सर्बियात आहे, बल्गेरियात तर घरोघरी आहे. म्हणजे उभा राहणारा. मला हसूच आलं. महिन्याचं पोर, त्याला मान धरता येत नाही, आणि म्हणे उभा राहणारा! दुसऱ्या ठिकाणी होतं 'स्थिर'. म्हटलं, हे तर आपल्या 'स्थिर'च्या घरातलंच दिसतंय. पण अशा साइटवर सगळ्याच नावांचे अर्थ शूर, सुंदर नाहीतर भाग्यवान असतात, म्हणून माझं समाधान झालं नाही.

रमजान चालू आहे, त्यामुळे क्लिनिक दुपारी लवकर ओस पडतं आणि मला हिबाशी गप्पा मारायला वेळ मिळतो. हिबा आठवते ना? फार्मसीतली. ती अजून मला 'उम्म इरा' म्हणते, इराची आई. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणते. ती हाक ऐकून गेली अडीच वर्षं मी नुसती हसून वेळ मारून नेली आहे. तिला मी सांगितलेलंच नाही की आपण बोलत नाही.

तर हिबाला विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? म्हणाली, देणगी. चार मुलग्यांनंतर झाली म्हणून. मग म्हणाली, "उम्म इरा, नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते पुस्तकात नसतं. आईला विचारायचं." मी म्हटलं, आईच तर बोलत नाही. ती म्हणाली, "इन्शाल्ला बोलेल," आणि तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

आणि मंगळवारी काय झालं ते ऐक. इथल्या एका क्लबात हँडबॉल शिकवणारे एक सर्बियन कोच आहेत, गुडघ्यासाठी येतात. बरोबर त्यांची बायको असते, वेस्ना. माझ्याएवढीच असेल, केस आखूड, बोलायला मोकळी. मी तिला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे स्तोयान हे नाव कसं वाटतं?"

ती हसली. "फार जुनं. माझ्या आजोबांच्या भावाचं होतं. खेड्यातलं नाव, आता शहरात फारसं कुणी ठेवत नाही. का?"

मी म्हटलं, माझ्या नातवाचं ठेवलंय. तिने पाण्याचा ग्लास काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "मुलीला हे पहिलंच मूल?"

"हो, पहिलंच," मी म्हटलं. अगदी ऐटीत म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, आणि फिजिओथेरपिस्ट किती वाजेपर्यंत असतो ते विचारायला लागली.

आता हे काय झालं? पहिलंच का, हा प्रश्न तिने का विचारला? माझा नाव नोंदायचा अनुभव सांगतो की माणूस असा विषय बदलतो तेव्हा फॉर्मवरची एखादी रिकामी जागा त्याने मुद्दाम सोडलेली असते. मी तिला सोडणार नाही. ईदनंतर त्यांची पुढची तारीख आहे, ती मीच लिहून दिली आहे.

आई

सीब, १८ एप्रिल २०२५

इरा,

वेस्ना आली होती. कोच आत मशीनवर होते, तिला मी कॉफी दिली आणि खुर्ची माझ्या काउंटरशी ओढून घेतली. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगायचं टाळलंत.

ती म्हणाली, "टाळलं नाही. सांगायचा हक्क माझा नाही असं वाटलं."

मग तिने सांगितलं. ते मी जसंच्या तसं लिहिते. तिच्या आजीच्या गावी ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या मुलाचं नाव असं ठेवत की त्याला जाताच येऊ नये. स्तोयान. उभा राहा, थांब, जाऊ नकोस. कुणी वूक ठेवत, म्हणजे लांडगा. बाळं खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याला भितात म्हणून. कुणी झिव्को, म्हणजे जगणारा. तिच्या आजोबांच्या भावाआधी तीन गेली होती, म्हणून तो स्तोयान. तो नव्वद वर्षं जगला आणि कुणाचं ऐकलं नाही, असं ती म्हणाली.

"पण आता काय," तिने घाईने पुढे जोडलं, "आता लोक पणजोबाचं म्हणून ठेवतात, नाहीतर जुनी नावं पुन्हा आवडायला लागली म्हणून. काही सांगता येत नाही."

बरोबर आहे. काही सांगता येत नाही. गोरानच्या आजोबांचं नाव काय होतं गं? स्तोयानच असेल. तसंच असेल ना?

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. माझ्या वडिलांना तू आबा म्हणायचीस आणि कऱ्हाडला सगळे त्यांना डी. आर. सर म्हणायचे. त्यातला 'डी' कशाचा ते तू कधी विचारलं नाहीस. दगडू. त्यांच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली. हे झाले तेव्हा माझ्या आजीने त्यांचं नाक टोचलं, केराजवळ नेऊन ठेवलं, शेजारणीने सुपातून उचलून परत आणून दिलं आणि नाव ठेवलं दगडू. नेणाऱ्याला वाटावं, हे टाकाऊ आहे, कशाला न्या. त्यांच्या नाकपुडीवरची ती खूण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस.

मला त्या नावाची लाज वाटायची. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत वधूपित्याच्या जागी मी प्रेसवाल्याला सांगून 'दिनकर' छापून घेतलं. त्यांना विचारलंही नाही. पत्रिका हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, 'छान छापलीय' म्हणाले आणि खिशात ठेवली. लग्नात तुझ्या बाबांचे मामा त्यांना दिनकरराव, दिनकरराव म्हणत होते आणि ते प्रत्येक हाकेला वळत होते.

म्हणजे बघ, या नावाचा अर्थ मला कुठल्या साइटवर शोधायची गरज नव्हती. ज्या घरात दगडू झाला त्या घरातली मी. आणि मी वेस्नाला ऐटीत म्हटलं, पहिलंच.

इरा, पहिलंच आहे ना?

आई

सीब, २५ एप्रिल २०२५

इरा,

मागच्या पत्राचं उत्तर यायला अजून वेळ आहे, मला माहीत आहे. पण मला थांबवत नाही.

तू मला ब्लॉक केलंस तरी आपलं जुनं चॅट माझ्या फोनमध्ये तसंच आहे. काल मी ते वर वर सरकवत गेले. १५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मिस्ड कॉल. दोन बाराला मिस्ड कॉल. दोन चाळीसला मिस्ड कॉल. त्यानंतर वर्षभर काही नाही, आणि मग एकदम मुलगा झाल्याची ती मेल.

त्या दुपारी मी कुठे होते ते मला स्वच्छ आठवतं. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मी कामात नव्हते. पेशंट नव्हता. मी आणि हिबा फार्मसीत खजूर खात बसलो होतो. फोन वाजला, तुझं नाव दिसलं आणि मी तो पालथा ठेवला. हिबा म्हणाली, इराचा आहे, घे. मी म्हटलं, नंतर बोलते. मनात म्हटलं, दीड वर्षाने आईची आठवण झाली, आता काहीतरी हवं असेल. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, वाजू दे, कळू दे जरा.

नंतर बोलते म्हटलं आणि नंतर मी फोन केला नाही.

ते कॉल कशासाठी होते, हे मी आता विचारत नाही. ते मला कळलं आहे असं मला वाटतं, आणि चुकीचं कळलं असेल तर फार बरं होईल. तसं असलं तर मला वेडी म्हण, ग्रुपवर सगळ्यांसमोर म्हण.

बारशाचं मी निस्तरलं आहे. पाचही जणींच्या दारात जाऊन सांगितलं की मी ठेवलेलं नाव रद्द, मुलाचं नाव त्याच्या आईने ठेवलंय आणि ते स्तोयान आहे. सुरेखा म्हणाली, "अहो किशोरीताई, असं बारसं रद्द होतं का कधी? घुगऱ्या पण खाऊन झाल्या." मी म्हटलं, होतं, मी आत्ता केलं. पुण्याच्या ग्रुपवरही लिहिलं. मामीने विचारलं, अर्थ काय गं त्याचा? मी लिहिलं, थांबणारा. तिला फार आवडलं. म्हणाली, आजकालची मुलं कुठे थांबतात.

माझं चुकलं, इरा. लग्नावरून बोलणं टाकलं तिथे चुकलं, बारशाचं तर चुकलंच. पण त्या दुपारचं चुकणं नव्हे, ते मी समजून उमजून केलं. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव.

उत्तर दिलं नाहीस तर मला चालणार नाही. पण मी काही म्हणणारही नाही.

आई

सीब, ३० मे २०२५

इरा,

तुझं पत्र सोमवारी आलं. क्लिनिकच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस, तिथे हिबा होती.

चार पानं, तीही इंग्रजीत, आणि फक्त शेवटच्या दोन ओळी मराठीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्ध्यातून बंद केलं.  हिबाने काउंटरवरची माझी पाटी उचलली, 'परत येते' लिहिलेली पाटी ठेवली आणि मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मग मी पूर्ण वाचलं.

सव्वीस आठवडे. चाळीस मिनिटं होती ती. तुम्ही दोघांनी तिला घेतलं होतं, एकामागून एक, आणि गोरानला तिचे कान तुझ्यासारखे वाटले. हे तू लिहिलंस म्हणून मला कळलं, नाहीतर ते मला कधीच कळलं नसतं. तू फोन केलास तेव्हा ती होती. तिच्या कानात नाव सांगायला कुणीतरी मोठं माणूस हवं, एवढंच तुला आपल्याकडचं आठवत होतं, आणि म्हणून तू मला फोन लावत होतीस. तिसरा कॉल ती गेल्यानंतरचा.

 यावर दोनदा लिहिलं आणि फाडलं.

आणि तू लिहिलंस की तुमचं आधीच ठरलं होतं. मुलगी झाली तर तुझ्याकडचं नाव, मुलगा झाला तर त्याच्याकडचं. म्हणून ती उत्तरा. तिकडच्या दप्तरात तसं लिहिलं आहे, गोरानने तिथल्या बाईला एकेक अक्षर सांगितलं. मी तुला विचारलं होतं, आपल्याकडचं एकही नाव सुचू नये का म्हणून. तेव्हा तू मला उत्तर दिलं नाहीस, तुझ्या जागी मी असते तर पाकीटच परत पाठवलं असतं.

स्तोयान हे गोरानच्या आजीने सुचवलं आणि तू अर्थ ऐकून लगेच हो म्हणालीस. बरं केलंस. मला ते नाव आता उच्चारता येतं. वेस्नाने शिकवलं. 'स्तो' वर जोर द्यायचा, म्हणाली, आणि हाक मारताना रागावल्यासारखी मारायची, मग तो ऐकतो.

लगेच येऊ नकोस, सप्टेंबरात ये, असं तू लिहिलंस. मी सप्टेंबरात येईन. त्याआधी तुला नको वाटलं तर तसं कळव, मी तिकीट पुढे ढकलीन. मराठीतल्या त्या दोन ओळी मी कुणाला दाखवलेल्या नाहीत.

एक सांगायचं राहिलं. काल सोहारकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, बलुची, छान हिंदी बोलतात. मुलगा डॉक्टरांकडे गेला आणि त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. त्यांचं कार्ड भरून झालं तशी त्यांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. नवरा आहे का? मुलं किती? मुलगी कुठे? मी सगळं सांगत गेले.

"और नाती-पोते कितने?" त्यांनी विचारलं.

आजवर कुणी विचारलं की मी एक म्हणायचे. काल मी म्हटलं, "दो. एक लड़की, एक लड़का."

"माशाल्ला. नाम क्या?"

"उत्तरा. और स्तोयान."

त्यांना दोन्ही नावं म्हणता येईनात. मी सावकाश पुन्हा सांगितली, दोन्ही. हिबा फार्मसीच्या खिडकीतून बघत होती.

"बड़ा कौन है?" बाईंनी विचारलं.

"लड़की बड़ी है," मी म्हटलं.

आई